दुरुस्तीस दिलेली मोटार आणि ग्राहकाचा हक्क

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त पंचायत समितीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२४ डिसेंबर हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. १९८६ साली याच तारखेस ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्याही आधी, १९७४ साली, पुण्यात श्री. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीच्या कार्याचा आरंभ केला होता आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली होती. म्हणजे या बाबतीत महाराष्ट्र कायद्याची वाट पाहत बसला नव्हता. आजच्या दिवशी भेसळ, वजनमापे, फसव्या जाहिराती यांविषयी भाषणे होतात आणि ती व्हावयासच हवीत. मी मात्र एक अगदी मर्यादित विषय निवडला आहे. आपण आपली मोटार सर्व्हिसिंगला अथवा टायर बदलण्यासाठी देतो आणि परत घेताना तिच्या चाकांचीच नासधूस झालेली आढळते. अशा प्रसंगी काय करावे, एवढाच माझा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु या सभागृहाच्या आवारात आज उभ्या असलेल्या मोटारींकडे पाहावे. त्यांतील कित्येक पतपेढीचे किंवा बँकेचे कर्ज काढून घेतलेल्या आहेत आणि त्यांचे हप्ते दरमहा पगारातून कापले जातात. ज्यांनी ही वाहने घेतली ते हौशी श्रीमंत नव्हेत. शाळा, रुग्णालय, बाजार आणि तालुक्याचे गाव यांच्यामधील अंतर त्यांना रोज कापावयाचे असते. अशा माणसाच्या मोटारीची दोन चाके कोणी निष्काळजीपणाने खराब केली, तर त्याचे महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते. आणि पैशापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे जिवाची सुरक्षितता. मोटारीचा सारा भार आणि आत बसलेल्या माणसांचा जीव चार चाकांवर असतो.

चाके खराब कशी होतात?

पूर्वी लोखंडी पत्र्याच्या चाकावरून टायर पहारीने आणि हातोड्याने उतरवीत असत. चाकाला पोचा आला तर तो ठोकून सरळ करीत, वरून रंगाचा हात देत आणि कोणाची फारशी तक्रार नसे. आता पुष्कळ मोटारींना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके असतात. बाजारात त्यांना अलॉय व्हील म्हणतात. ती देखणी असतात, परंतु लोखंडाप्रमाणे ठोकून घेत नाहीत. जोराचा घाव बसला की वाकण्याऐवजी तडकण्याचा संभव त्यांच्या बाबतीत अधिक असतो.

टायर बदलण्याच्या यंत्रात टायरची कड रिमपासून सोडविणारे एक पाते असते. ते नेमक्या जागी न लावता घाईने दाबले की रिमची कड दबते. ज्या मोटारींत टायरमधील हवेचा दाब दाखविणारा सेन्सर व्हॉल्व्हच्या मुळाशी बसविलेला असतो, तेथे तो सेन्सरच तुटतो. पुढे टायर उतरविताना व चढविताना यंत्राचे डोके रिमच्या कडेवरून फिरते. त्यावरील प्लास्टिकचे आवरण झिजून गेले असेल, तर कडेला चरा उमटतो. फुटपाथला घासून पडलेला ओरखडा सर्वसाधारणपणे खरबरीत आणि तुटक असतो, आणि तो चाकाच्या बाहेरच्या तोंडावर असतो. यंत्राचा चरा बहुधा बारीक असून टायर आणि रिम जेथे मिळतात त्या रेषेलगत सापडतो. हा भेद ध्यानात ठेवावा. वादाच्या वेळी तो उपयोगी पडतो. काही ठिकाणी चाके झटपट चकचकीत करण्यासाठी आम्लयुक्त द्रावण वापरतात. ते वेळेवर धुतले नाही तर चाकावरील संरक्षक थर जाऊन पांढुरके डाग पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत.

सर्वांत अधिक नुकसान मात्र डोळ्यांना न दिसणारे असते, आणि ते होते नट आवळताना. नटाचे काही आटे हाताने बसवून मगच पान्हा लावावयाचा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावयाचे आणि अखेरीस टॉर्क पान्ह्याने ठरावीक जोर द्यावयाचा, ही योग्य रीत होय. लहान मोटारींसाठी हा जोर साधारणतः ८० ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेला असतो. गर्दीच्या दुकानात या पुस्तिकेकडे कोण पाहतो? हवेवर चालणारी गन नटावर धरली की खडखडाट होतो आणि काम संपते. नट तिरपा बसला असेल तर आटे जातात. जोर अतोनात झाला तर स्टड ताणले जातात आणि ब्रेकची तबकडी वाकडी होण्याचाही संभव असतो. मग रात्री आडरस्त्यावर पंक्चर झाले असता डिकीतील पान्ह्याने तो नट हलतच नाही. याउलट नट ढिला राहिला तर काय होऊ शकते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण लांबीने, म्हणजे ७०१ किलोमीटर, वाहतुकीस खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगमर्यादा आहे. गावच्या रस्त्यावर महिनोन्‌महिने निभावून गेलेली रिमची बारीकशी चीर अशा वेगाला निभावेलच असे नाही. चिरलेले चाक जोडकाम करून देण्याची तयारी काही दुकानदार दाखवितात. ओरखडा घासून रंगविणे निराळे आणि चीर सांधणे निराळे. उष्णतेने मिश्रधातूची मूळ बळकटी बिघडते. सबब चिरलेल्या चाकाच्या बाबतीत बदलून देण्याचीच मागणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक अनुभव

या संदर्भात माझ्या स्वतःच्या मोटारीचा अनुभव सांगतो. दुकानाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गेल्या वर्षी एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी चारही टायर बदलून घेतले. शासकीय वाहन ताब्यात घेताना व देताना लॉगबुकात नोंद करण्याची आम्हा मंडळींना सवय असते. त्याच सवयीने मी मोटार देताना चारही चाकांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर घेतली होती आणि कामाच्या पावतीवर किलोमीटरचा आकडा लिहवून घेतला होता. मोटार परत मिळाली तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांच्या कडेला चरे पडलेले होते, त्यांपैकी डाव्या चाकाची कड दबलेली होती आणि तेथील एक नट तिरपा बसला होता.

दुकानाचे मालक प्रथम म्हणाले, "साहेब, हे आधीचंच असणार." मी छायाचित्रे दाखविली. मग ते म्हणाले, "अलॉयला थोडंफार होतंच." याही उत्तरावर मी वाद घातला नाही. जे नुकसान अटळ आहे असे दुकानदारास वाटते, ते त्याने काम हाती घेण्यापूर्वीच सांगावयास हवे होते, एवढेच मी म्हणालो. यावर त्यांनी यंत्रावर काम करणाऱ्या मुलाला हाक मारली आणि त्याच्या पगारातून पैसे कापण्याची भाषा सुरू केली.

येथे थोडे विषयांतर करतो. तो मुलगा जेमतेम विशीतला होता. यंत्राच्या डोक्यावरचे प्लास्टिक झिजलेले होते आणि ते बदलणे त्याच्या हाती नव्हते. नोकराने मालकाचे काम करीत असता केलेल्या चुकीची जबाबदारी मालकावर असते, हे न्यायाचे जुने तत्त्व आहे. आपला करार दुकानाशी असतो. तेव्हा भरपाई दुकानाकडून मागावी, आणि ती एखाद्या रोजंदारीच्या मुलाच्या खिशातून येणार असेल तर ते आपणास मान्य नाही, असे तेथेच सांगावे. मी तसे सांगितले. त्यानंतर मालकांचा सूर पुष्कळच बदलला.

बिलाची रक्कम मी चुकती केली, परंतु बिलाच्या दोन्ही प्रतींवर "पुढील दोन चाकांच्या नुकसानीबाबतचा हक्क राखून रक्कम दिली" असे लिहून मालकांची सही घेतली. तिरपा नट व त्याचा स्टड त्याच ठिकाणी बदलून घेतला आणि काढलेले जुने भाग स्वतःजवळ ठेवले. दुसऱ्या दिवशी एका अन्य गॅरेजमधून चाकांच्या स्थितीचा लेखी अभिप्राय व दरपत्रक घेतले आणि पोच देय टपालाने दुकानास एक पत्र पाठविले. त्यात केव्हा मोटार दिली, काय आढळले आणि काय हवे, एवढाच मजकूर होता. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत दिली होती. अकराव्या दिवशी मालकांचा फोन आला. दबलेल्या चाकाऐवजी त्यांनी नवे चाक दिले आणि दुसऱ्याचा चरा स्वतःच्या खर्चाने घासून रंगवून दिला. दोन्ही चाके नवी मिळावीत असा आग्रह मी धरला नाही. दुसऱ्या चाकाचे नुकसान केवळ वरवरचे होते आणि चाक पाच वर्षे वापरलेले होते. नुकसान जेवढे तेवढीच मागणी असावी. अवाच्या सव्वा मागणीमुळे खरी तक्रारही खोटी वाटू लागते.

कायदा काय म्हणतो?

आपण मोटार दुकानाच्या स्वाधीन करतो तेव्हा कायद्याच्या भाषेत तो "निक्षेप" होतो. म्हणजे विवक्षित कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि काम झाल्यावर ती परत घेणे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १५१ प्रमाणे ज्याच्या ताब्यात वस्तू दिली, त्याने सामान्य समंजस मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणे बंधनकारक आहे. दीडशे वर्षांपूर्वी, आपल्याकडे मोटार यावयाच्याही आधी, लिहिलेला हा नियम टायरच्या दुकानास तंतोतंत लागू पडतो.

"वाहन मालकाच्या जबाबदारीवर" अशी पाटी कित्येक ठिकाणी लावलेली असते आणि ती वाचून ग्राहक निमूटपणे परततो. याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १४ नोव्हेंबर २०१९ चा एक निर्णय माहीत असणे आवश्यक आहे. दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलात १९९८ साली पाहुण्याने आपली मोटार लावण्यासाठी नोकराच्या हाती दिली होती आणि ती चोरीस गेली. चिठ्ठीवर जबाबदारी मालकाची असे छापलेले होते. न्यायालयाने असे सांगितले की, स्वतःच्या वा नोकरांच्या निष्काळजीपणाचे उत्तरदायित्व हॉटेलला अशा छापील शब्दांनी टाळता येणार नाही. मोटार दिली हे एकदा सिद्ध झाले की, योग्य काळजी घेतली होती हे दाखविण्याचा भार ताबा घेणाऱ्यावर येतो. प्रकरण चोरीचे होते, परंतु त्यातील तत्त्व निक्षेपाचे असल्यामुळे गॅरेजशी होणाऱ्या वादातही ते आपल्या बाजूने मांडता येते. मात्र मोटार चांगल्या स्थितीत दिली होती, हे प्रथम आपणास दाखवावे लागते.

दुसऱ्या बाजूचा हक्कही आपण जाणून घ्यावा. कलम १७० अन्वये, केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवण्याचा अधिकार सामान्यतः कारागिरास असतो. म्हणून रागाच्या भरात बिल न देता मोटार काढून नेण्याचा प्रयत्न करू नये. त्यातून वाद भलतीकडे जातो आणि कित्येकदा पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतो. हक्क राखून पैसे द्यावेत व मोटार घ्यावी.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुन्या कायद्याच्या जागी आला आणि जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यातील "सेवेतील त्रुटी" या संज्ञेत निष्काळजीपणा तर येतोच, शिवाय ग्राहकास आवश्यक असलेली माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणेही येते. चाक दबले आहे हे ठाऊक असून ते न सांगता वर टोपी बसवून मोटार परत करणारा दुकानदार या दुसऱ्या भागात सापडतो. केलेल्या सेवेचे बिल न देणे ही याच कायद्यान्वये अनुचित व्यापारी प्रथा होय. आपण मोटार कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात दिली आणि त्याने चाके बाहेरच्या दुकानात पाठविली, असेही घडते. "ते काम आमच्याकडे झालेच नाही" हे उत्तर अशा वेळी स्वीकारू नये. बिल ज्याने केले त्यालाच आपण जबाबदार धरावे.

तक्रार कोठे करावी?

आधी दुकानाच्या मालकाशी बोलावे, नंतर पत्र लिहावे. अधिकृत केंद्र असेल तर पत्राची प्रत मोटार बनविणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाकडेही पाठवावी. एवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे तक्रार नोंदवून ती दुकानाकडे अथवा कंपनीकडे पाठविली जाते. तेथील अधिकारी निकाल देत नाहीत, समेट घडवून आणण्याचा प्रयत्न करतात. तरीही पुष्कळ वेळा तेवढे पुरते.

त्यापुढील पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दुकान नाशिकचे असो वा नागपूरचे, तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते; २०१९ च्या कायद्याने दिलेली ही सवलत खेड्यातील माणसाला फार मोलाची आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर काहीही शुल्क नाही, आणि टायरचे काम या मर्यादेच्या पुष्कळच आत असते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या ई-जागृती या संकेतस्थळावरून ती घरबसल्याही दाखल करता येते. येथील शिक्षक मंडळींनी आपापल्या गावात यासाठी साहाय्य केल्यास मोठेच काम होईल. विरुद्ध पक्षाने तीस दिवसांत, आणि आयोगाने वाढवून दिल्यास आणखी पंधरा दिवसांत, म्हणणे मांडावयाचे असते. वस्तूच्या तपासणीची गरज नसल्यास तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागतो, हे आपण सर्व जाणताच. म्हणूनच दुकानाच्या दारातच मिटेल अशी पूर्वतयारी करणे अधिक शहाणपणाचे.

कोणी विचारतील, भाड्याची रिक्षा किंवा टॅक्सी चालविणाऱ्यास हा कायदा लागू आहे काय? स्वयंरोजगाराने केवळ आपला चरितार्थ चालविण्यासाठी जो वाहन वापरतो, तो ग्राहकच होय. अनेक गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला सर्वसाधारणपणे दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो.

झाडाखाली बसणाऱ्या पंक्चरवाल्याकडून बिल कसे मिळणार, असाही प्रश्न येतो. पैसे युपीआयने द्यावेत आणि त्या नोंदीत "पुढील डावे चाक, पंक्चर" असे चार शब्द लिहावेत. तेवढ्याने रक्कम, तारीख आणि काम यांचा पुरावा तयार होतो. नव्या-जुन्या टायरांची अदलाबदल होऊ नये म्हणून टायरच्या कडेवरील चार अंकांकडेही लक्ष असावे. पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

मोटार परत घेण्याची वेळ शक्यतो दिवसाउजेडी ठेवावी. चारही चाकांभोवती एकदा चालावे, कडेवरून बोट फिरवावे, नट मोजावेत. चालविताना सुकाणू थरथरत असेल किंवा मोटार एका बाजूस ओढत असेल तर परत फिरावे. दुसऱ्या दिवशी पाहू म्हणून घरी नेऊ नये, कारण मग ते नुकसान वाटेत झाले नाही हे सांगणे अवघड होते. चाकाला चीर दिसली तर पुरावा म्हणून छायाचित्र घ्यावे, स्टेपनी लावावी आणि ते चाक तसेच जपून ठेवावे. पुराव्यासाठी म्हणून चिरलेल्या चाकावर कोणीही मोटार चालवू नये. टायर बदलल्यावर साधारण शंभर किलोमीटरच्या आत नट एकदा योग्य जोराने तपासून घ्यावेत. चांगले दुकानदार हे काम विनामूल्य करतात. ग्रामपंचायतीची घंटागाडी किंवा आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका दुरुस्तीस जाते तेव्हाही हीच दक्षता घ्यावी आणि चाकांच्या स्थितीची एक ओळ लॉगबुकात असावी.

दुकानास पाठवावयाच्या पत्राचा एक पानी नमुना मी बरोबर आणला असून त्याच्या प्रती सभापती महोदयांच्या अनुमतीने दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्याजवळ दुरुस्तीची जुनी बिले किंवा कामाच्या पावत्या असतील त्यांनी त्या घेऊन यावे. त्यांवरील छापील अटी आपण एकत्र वाचू. सभा संपल्यावर अर्धा तास मी येथेच थांबणार आहे.